आजेसासऱ्यांची वही बांधून आणली त्याची हकीकत

परतवाड्याच्या पलीकडे न गेलेल्या बायका आमच्या गावात पुष्कळ आहेत. मागच्या भाद्रपदापर्यंत मीही त्यांतलीच होते. आता मी अमरावती पाहिली, अकोला पाहिले, मोटारीत बसले, आगगाडीत बसले. पाणवठ्यावर बायका विचारतात, "कसं व्हतं वो?" मी "बरं होतं" म्हणते आणि घागर उचलते. तोंडाने मला सांगता येत नाही. म्हणून त्यांच्यासाठी इथे लिहिते आहे. त्यांना दाखवणार मात्र नाही.

जायचे कारण एक वही.

आमची संत्र्याची बाग अचलपूरपासून तीन कोसांवर आहे. ती माझ्या आजेसासऱ्यांनी लावली. त्यांच्या काळी कोणी गोरा साहेब दौऱ्यावर आला, त्याने संत्री खाल्ली आणि खूश होऊन आपली एक कोरी जाड वही त्यांना दिली. चामड्याची बांधणी, पाठीवर सोनेरी रेघा. जमीन दिली असती तर बरे झाले असते, असे आमच्याकडे अजून म्हणतात. आजेसासऱ्यांनी त्या वहीत मोडीत बागेची हकीकत लिहून ठेवली. ते वारले. घरात दुसऱ्या कोणाला मोडी येत नव्हती, म्हणून वहीची पूजा सुरू झाली. त्याला आता साठ वर्षे झाली.

दसऱ्याला हळदकुंकू, पाडव्याला तेल, पहिले फळ उतरले की पंचामृत, आणि रोज ओल्या बोटाचे गंध. एरवी चामड्याचा जोडा आमच्या उंबरठ्याच्या आत येत नाही. हे चामडे थेट देव्हाऱ्यात बसले होते आणि त्याबद्दल कोणी काही बोलत नसे.

मला वडिलांनी चवथीपर्यंत शिकवले, त्यात मोडी येऊन गेली. सासरी हे मी सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही. देव्हारा पुसण्याचे काम माझ्याकडे. पुसता पुसता मी रोज एक-दोन ओळी वाचत असे. आजेसासरे फार बोलके नव्हते, पण लिहायचे असे की वाटे कोणी कानाशी कुरकुरते आहे. "दक्षिणेकडच्या तिसऱ्या झाडास शेणखत दिले. फुकट." "धाकट्या मुलास बागेत पाठवू नये. तो झाडाशी बोलतो, पाणी देत नाही." धाकटा मुलगा म्हणजे माझे सासरे. देवापुढे बसून मी पदरात तोंड घालून हसे, आणि सासूबाईंना वाटे की सून भाविक आहे. आमच्या घरात वाचण्यासारखे दुसरे काही नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद मी सोडत नाही, पण त्यांत गोष्ट नेहमी अर्धीच असते. सहा वर्षांत मी निम्म्या वहीपर्यंत आले होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वही उचलली, तर तिची पाठ माझ्या हातात राहिली आणि बाकीची पाटावर पडली. सासूबाई समोर वाती वळत होत्या.

"खंडित झालं," त्या म्हणाल्या.

खंडित देव पूजेला चालत नाही. तो पाण्यात सोडायचा. घटस्थापनेच्या आधी वही सापन नदीत सोडायची असे ठरले. मी दोन दिवस रडले. देव तुटला म्हणून मी रडते असे सासूबाईंना वाटले, आणि त्यांना माझ्याबद्दल जरा बरे वाटू लागले.

तेवढ्यात गंगूआत्या आल्या. या माझ्या सासऱ्यांची बहीण, म्हणजे वही लिहिणाऱ्यांची लेक. आवाज असा की त्या वेशीत आल्या की घरात चहा ठेवावा.

"वयनी, माया सासरी मारोतीचं नाक तुटलं व्हतं," त्या म्हणाल्या. "शेंदूर थापून सारखं केलं. अजून नवसाले पावते. जोडलं त खंडित कायचं?"

"मंग आना जोडून," सासूबाई म्हणाल्या. "अखंड झालं त ठेवू. नाई त सापन हायच. अन् हिच्या हातानं तुटलं, हिलेच न्या."

आमच्या घरधन्यांना कपाशीचे काम होते, त्यांनी मान हलवली. अशी मला अमरावती शिक्षा म्हणून मिळाली.

अमरावती

परतवाड्याहून मोटार लारीने गेलो. आम्हाला मागच्या बाकावर जागा होती. आत्याबाईंनी लाल फडक्यातली वही मांडीवर धरली आणि मोठ्याने विचारले, "देवाले मांगं बसवता का गा?" त्यावर पुढच्या बाकावरचे दोन शेठ उठून मागे गेले. वाटेत एका म्हातारीने वहीवर फूल ठेवले, दुसरीने आपल्या लोट्यातले पाणी शिंपडले. मी फडके आवळून धरले. दुरुस्तीला निघालेल्या वहीवर इतके पाणी मोटारीतही पडेल असे मला वाटले नव्हते.

अंबादेवीच्या देवळाजवळ धर्मशाळेत उतरलो. अमरावतीच्या बायका डोक्यावर पदर न घेता रस्त्याच्या मधून चालतात. मी भिंतीकडून चालत होते, तर भिंतीलगतच्या नालीत माझा पाय गेला. दुपारी आलूबोंडा आणि त्यावर गरम कढी खाल्ली. आमच्याकडे कढी भातावर घेतात. बोंडा कढीत बुडवणे मला आधी अविचार वाटला, मग मी दुसरा मागितला. मागितला म्हणजे आत्याबाईंनी मागितला. मी नुसते त्यांच्याकडे पाहिले.

वही बांधणारा शोधायला दोन दिवस गेले. पहिला एका छापखान्याच्या ओसरीत बसायचा. त्याने फडके सोडले, कुंकू पाहिले आणि हात मागे घेतला.

"हा त देव हाय. देवाले मी सुरी कशी लावू? शास्त्रीबुवाले विचारून या."

दुसरा शाळांची रजिस्टरे बांधायचा. त्याला देवाची हरकत नव्हती.

"पण हे चामडं हाय, बाई. मी कागदाचं अन् कापडाचं करतो. चामड्याले नाई शिवत."

"अरे, देव्हाऱ्यातलं चामडं हाय थे!" आत्याबाई म्हणाल्या.

"असन. देव्हारा तुमचा, विटाळ माया."

तेव्हा आत्याबाईंनी मला सरळ जोडे शिवणाऱ्याच्या दुकानापुढे नेऊन उभे केले. मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले. तो म्हातारा होता. त्याने वही अशी हळू उघडली की तशी ती कोणी आजपर्यंत उघडली नव्हती. चामडे बोटाने चाचपले. आत्याबाईंनी वाकून, जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात, विचारले, "कोनाचं हाय गा? गाईचं त नाई?"

"बकरीचं हाय. विलायती कमावलेलं."

आत्याबाईंनी तिथेच हात जोडले. साठ वर्षांचा घोर एका वाक्यात गेला.

"मंग शिव बरं."

म्हाताऱ्याने वही मिटली. "जोडा असता त शिवला असता, माय. हे अक्षर हाय. मले येत नाई, म्हनूनच म्हनतो. विद्येत जोड्याची आर कशी खुपसू?"

म्हणजे एकाला तो देव होता म्हणून नको, एकाला चामडे होते म्हणून नको आणि एकाला विद्या होती म्हणून नको. अमरावतीत तिघांनीही माझ्या वहीचा मान राखला. अशा मानाने ती नदीतच जाणार होती. पण म्हाताऱ्याने एक काम केले. अकोल्याला जुन्या शहरात रहीमबक्ष म्हणून जिल्दसाज आहे, पोथ्या-किताबा बांधतो, चामडे त्याला चालते आणि अक्षरही चालते, असे सांगितले.

आगगाडी

बडनेऱ्याला गाडी बदलली. बायकांच्या डब्यात जागा नव्हती, म्हणून आम्ही एका वकिलासमोर बसलो. त्याने न विचारता आम्हाला समजावून सांगितले की वऱ्हाड मालकीने निजामाचे आहे, कारभाराने मध्यप्रांताचे आहे आणि हुकूम विलायतेचा चालतो.

"अन् पेरते कोन?" आत्याबाईंनी विचारले.

वकिलाने खिडकीबाहेर पाहिले. बाहेर कपाशी होती, अकोल्यापर्यंत कपाशीच होती.

अकोला, जुने शहर

आत्याबाईंची लेक अकोल्यात दिलेली आहे, तिच्याकडे उतरलो. अकोल्याचे पाणी खारट. पहिल्या घोटाला मला वाटले वरणाचे भांडे धुतलेले पाणी दिले. लेक म्हणाली, "चार दिवसांत सवय होते," आणि खरेच झाली. आता घरी विहिरीचे पाणी मला अळणी लागते.

मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात गेलो. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून म्हैस आली तर आपण कोणाच्या तरी घरात जायचे. आम्ही दोनदा गेलो. दुसऱ्या घरात आत्याबाईंनी बसून तिथल्या सुनेचे नाव, माहेर, लेकरे विचारून घेतली. मी म्हैस गेली का ते पाहत उभी होते.

रहीमबक्ष दुकानाच्या उंबऱ्यालगत बसले होते. पांढरी दाढी, नाकावर चष्मा, चष्म्याची एक दांडी दोऱ्याची. त्यांनी चहा विचारला नाही, कारण आम्ही नाही म्हणू हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांना ठाऊक आहे हे आम्हाला ठाऊक होते. त्यांनी भाजलेल्या शेंगा पुढे ठेवल्या. शेंगेला टरफल असते, त्यामुळे आत्याबाईंचा धर्म टरफलाच्या आत सुरक्षित राहिला. मूठभर संपल्या.

त्यांनी वही उजेडात धरली, वास घेतला, नखाने जरा खरवडले. कुंकवाची खपली निघाली, तिच्याखाली हळद, तिच्याखाली तेलाचा चिकटा, आणि त्याच्याखाली चामड्याचा भुगा.

"बाई, ही किताब वाचाची हाय का न्हाऊ घालाची?"

"म्हंजे?" आत्याबाई.

"इले कसर नाई लागली, उंदरानं नाई खाल्ली. इले तुमच्या पूजेनं मारलं. आमी बी किताबले मानतो, डोक्यावर घेतो. पन आंघोळ नाई घालत."

आत्याबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आतले कागद चांगले हायेत," रहीमबक्ष म्हणाले. "शिवन नवी करतो, मोरचूद घातलेली खळ लावतो, कीड नाई लागनार. पन हे वरचं चामडं गेलं. हे माया बापालेबी जोडता नसतं आलं. काढू का?"

प्रश्न मोठा होता. सासूबाईंनी अखंड करून आणा म्हटले होते. पूजा तर सगळी वरच्या चामड्याची झाली होती, आतल्या पानाला आजवर कोणी फूल वाहिले नव्हते. चामडे काढले तर देव काढला असे होणार, आणि नाही काढले तर देवाबरोबर पानेही सापन नदीत जाणार. पत्र घालून विचारायला वेळ नव्हता. आत्याबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्याकडे पाहून काम भागवायची माझी सवय, आणि त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"काढा," मी म्हणाले.

परक्या पुरुषासमोर मी बोललेला हा पहिला शब्द. त्यांना ऐकू गेला नाही. मला तो दुसऱ्यांदा म्हणावा लागला.

त्यांनी रापीच्या धारेने कडेने चामडे सोडवले. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक पान चिकटलेले होते, पंचामृताने घट्ट बसलेले. ते पहिले पान होते. मी वाचायला सुरुवात केली होती ती दुसऱ्यापासून. रहीमबक्षांनी त्याला वाफ दिली, हाडाच्या पट्टीने तासभर सोडवत बसले. मग पान माझ्यापुढे धरले.

"मले मोडी नाई येत. काय हाय पाहा, म्हंजे कुठी लावाचं थे समजन."

तिथे आत्याबाई होत्या. मी वाचले तर सहा वर्षांचे उघडे पडणार होते. पण रहीमबक्ष ओले पान दोन्ही हातांत धरून थांबले होते. मी वाचले.

"ह्या वहीस ओला हात लावू नये. तेल लावू नये. ज्यास वाचता येते त्याने वाचावी व कोरड्या जागी ठेवावी."

रहीमबक्षांनी चष्मा काढला आणि खोकल्यासारखे केले. ते हसत होते हे मला मागाहून समजले.

"माया बाप असाच व्हता," आत्याबाई म्हणाल्या. "सांगाचं थे आत लिवून ठेवाचा, अन् वरून मुका बसाचा." मग एकदम माझ्याकडे वळल्या. "अन् तू काहून वं? तुले वाचता येते?"

"हो."

"कधीपासून?"

"आधीपासूनच."

"अन् देवापुढं तोंड झाकून बसत व्हतीस थे?"

मी मान खाली घातली. आता मार बसतो की काय असे वाटले. त्या सरकून माझ्याजवळ आल्या आणि दुसऱ्यांदा त्यांचा आवाज लहान झाला.

"मायं नाव हाय का त्यात?"

होते. ते पान मला पाठ होते, पण मी ते काढून वाचले, कारण पाठ म्हटले तर त्यांना खरे वाटले नसते. "गंगू सासरी गेली. घरात आवाज नाही. झाडांना बरे वाटत असेल."

आत्याबाई इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारचा कल्हईवाला उठून पाहायला आला. "झाडाईले बरं वाटत असन! पाहा, बाप हाय का कोन हाय!" मग त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि त्यानंतर दोन घटका त्या गप्प बसल्या. अकोल्यात असे पुन्हा झाले नाही.

"नवी जिल्द कापडाची करू का चामड्याची?" रहीमबक्षांनी विचारले. "तुमच्यात कापडाची करतात. सोवळ्यात चालते."

"कापडाचीच," आत्याबाई म्हणाल्या. "देव्हाऱ्यात बसवाची हाय."

"चामड्याची," मी म्हणाले. या वेळी पहिल्यांदाच ऐकू गेले. "आधी होती तशीच करा."

आत्याबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

काम चार दिवस चालले. आम्ही रोज जाऊन बसत होतो. त्यांनी जुने दोरे सोडवले, पाने कोरड्या कुंचल्याने झाडली, आठ-आठ पानांचे गठ्ठे करून पाठीला नवा दोरा भरला, मग लाकडी शिकंज्यात आवळून ठेवले. मेंढीचे चामडे घेतले आणि कडा कागदासारख्या पातळ होईपर्यंत रापीने तासल्या. मी डोळे लावून पाहत होते. कलमाचा डोळा बांधताना आमच्या बागेत अशीच शांतता असते.

निघालेले जुने चामडे आत्याबाईंनी लाल फडक्यात बांधले. देव होता, उकिरड्यावर टाकता येत नव्हता. शेवटच्या दिवशी आम्ही मोर्णेवर गेलो. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिले, आता ते त्याला बाधणार नव्हते. आत्याबाईंनी हात जोडून चामडे पाण्यात सोडले. ते बुडेना. साठ वर्षांचे तेल प्यालेले चामडे, ते तरंगत तरंगत खाली कपडे धुणाऱ्या बाईच्या दगडाला जाऊन लागले. तिने उचलून हात वर केला.

"ओ बाई! तुमचं चामडं राह्यलं वो!"

"राह्यलं नाई, सोडलं!" आत्याबाई ओरडल्या.

"मंग नीट सोडा नं! माया धुन्यात काहून सोडता?"

आत्याबाई गुडघाभर पाण्यात गेल्या, तिच्याकडून चामडे घेऊन तळाशी धरले, त्यावर एक दगड ठेवला आणि दगडालाही नमस्कार केला. देव शेवटी खाली बसला.

परत

मूर्तिजापूरहून छोट्या गाडीने अचलपूरला आलो. ती गाडी इतकी सावकाश चालते की बाहेरची माणसे आतल्यांशी पुरे बोलणे करून मग मागे राहतात. वही माझ्या मांडीवर होती, कोऱ्या पिवळ्या फडक्यात. या वेळी कोणी फूल वाहिले नाही आणि कोणी जागाही दिली नाही.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. आत्याबाईंनी सगळे सांगितले. पहिल्या पानाचे आणि माझ्या वाचण्याचे तेवढे सांगितले नाही. वहिनीने साठातली निम्मी वर्षे आपल्या हाताने गंध लावले होते, ते पान ऐकून तिला काय वाटेल, असे त्या मला गाडीतच म्हणाल्या होत्या. देव मोर्णेत सोडला, नारळ फोडला, विधी सगळा झाला, हे मात्र नीट सांगितले.

"झालं थे बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्या हाताकडे पाहिले. "अन् हे काय हाय?"

"आतले कागद," मी म्हणाले.

त्यांनी फडके एका बोटाने बाजूला केले. चामड्याचा वास आला. बोट मागे गेले.

"कायचं हाय?"

"मेंढीचं."

"देव गेला त गेला," त्या जरा विचार करून म्हणाल्या. "हे देव्हाऱ्यात नाई चालत. नवं चामडं हाय, कोनाच्या हातचं हाय. सैपाकघरातबी नाई पायजे."

आत्याबाईंनी भांडायला तोंड उघडले. मी पदराआडून त्यांच्या पायावर माझा पाय दाबला. वडील माणसाला पाय लावण्याची माझी ही पहिलीच वेळ. त्यांनी तोंड मिटले, माझ्याकडे पाहिले, आणि मग फार गरीब आवाजात विचारले, "मंग ठेवाचं कुठी, वयनी? फेकता त येत नाई."

सासूबाईंनी घरभर नजर फिरवली.

"टाक म्हना हिच्या पेटीत, लुगड्याईच्या खाली. मले दिसलं नाई पायजे."

"बरं," मी म्हणाले, आणि जितके वाईट तोंड करता येईल तितके करून वही आत घेऊन गेले.